कपाटातले कागद आणि ऑफिसातला स्कॅनर
(वार्षिक सभेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत सोसायटीने काय काय केलं ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी त्या सगळ्याच्या कागदांबद्दल बोलणार आहे. जांभई आली तरी चालेल, फक्त चहा येईपर्यंत कोणी उठू नका.

आरे-वारेची हवा पाहुण्यांना आवडते, कागदाला मानवत नाही. स्टेपलरची पिन दोन पावसाळ्यांत गंजते आणि कागदावर तांबडा डाग सोडते. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या दोन रजिस्टरांचे पुठ्ठे वाळवीने खाल्लेले आपण पाहिलेत. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, ओल नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात घरांतल्या, दुकानांतल्या कागदांचा लगदा झाला. पूरच कशाला, गळका पत्रासुद्धा पुरतो.

एवढी काळजी कशासाठी? आपल्या जमिनीचं अभिहस्तांतरण अजून व्हायचं आहे. बिल्डर सही देत नसेल तर १९६३ च्या मोफा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. त्याला सभासदांचे नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा, सभासदांची यादी लागते. एका घरचा कागद सापडला नाही की सगळ्यांची फाईल अडते. म्हणून स्कॅनर घेतला.

यंत्र बसवणं अवघड नाही. आतल्या चिकटपट्ट्या काढा, कंपनीने सांगितलेल्या क्रमाने सॉफ्टवेअर टाका आणि मगच केबल जोडा. टेबल डुगडुगता नको, समोर खिडकी नको. वीज जाते-येते, तेव्हा यूपीएसवरच चालवायचा.

खरं काम स्कॅन करण्याआधीचं आहे. पिना, टाचण्या, क्लिपा काढा. एक पिन आत गेली तर काचेला ओरखडा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते. पावसाळ्यात कागद एकमेकांना चिकटतात, गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्या, नाहीतर दोन पानं एकदम आत जातात आणि मधलं पान गायब होतं. म्हणून शेवटी पानं मोजायची, कागदावर किती आणि फाईलमध्ये किती. हा कंटाळवाणा भाग कोणी टाळू नये. फाटकी पानं, कार्बन कॉपी, जुने भाग दाखले वरच्या ट्रेमध्ये घालू नका, ती काचेवर एकेक ठेवा. पातळ कागदामागे काळा कागद ठेवला की पाठची अक्षरं उमटत नाहीत. स्टॅम्पपेपर ए-फोरपेक्षा लांब असतो, काचेवर तळ कापला जातो, आणि सही तर तळालाच असते! तो दोन भागांत घ्या.

३०० डीपीआय पुरे. काळं-पांढरं निवडू नका, फाईल लहान होते पण जांभळा शिक्का आणि पेन्सिलीची टिपणं उडतात. दाखले आणि करार रंगीतच घ्या. नाव वर्षापासून सुरू करा: २०१२-०८-१५-सभा-इतिवृत्त. मग यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. 'स्कॅन१', 'स्कॅन नवीन', 'स्कॅन नवीन फायनल' अशी नावं आमच्या पिढीला शोभत नाहीत आणि पुढच्या पिढीला कळत नाहीत.

निगा म्हणजे आठवड्यातून एकदा काच मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर ओतायचा नाही. ट्रेच्या आत एक बारीक काचेची पट्टी असते, रेघा बहुतेक तिथल्याच धुळीने येतात. रबरी रोलरवर कागदाची भुकटी साचली की पानं घसरतात, तेव्हा रोलर हाताने फिरवत पुसा. रबर गुळगुळीत झालं तर ते बदलावंच लागतं, दुरुस्ती नाही. वापर नसताना वर कापड टाका, खारी हवा आणि पाली दोन्ही आत शिरतात.

एक गोष्ट ठासून सांगतो. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत जाणार नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक प्रत दाखवायची तर तिच्यासोबत रीतसर प्रमाणपत्र लागतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. शिवाय प्रत एकाच संगणकात ठेवायची नाही: एक हार्ड डिस्कवर, एक ऑफिसबाहेर. दर सहा महिन्यांनी एखादी फाईल उघडून बघायची, नुसती आहे म्हणून भागत नाही.

आणि सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती? पहिले आठ अंक झाकलेल्याच ठेवायच्या, आणि त्या फोल्डरला पासवर्ड. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाचाही कागद टाकायचा नाही, अगदी हौसेने काढलेला असला तरी.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला ऑफिसात काम सुरू करू. ज्यांचा करार घरी आहे त्यांनी तो सूची क्रमांक दोनसह आणा, पिना घरीच काढून. ज्यांचा कर्जासाठी बँकेत आहे त्यांनी बँकेकडून प्रत मागून ठेवा, तिला वेळ लागतो. कागद तुमच्यासमोर स्कॅन होईल आणि तेव्हाच परत मिळेल.