परिक्रमेत जेवण कुठं, आसन कुठं

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आधी विषय दिला होता 'नर्मदा परिक्रमेचं आध्यात्मिक महत्त्व'. मी म्हटलं, त्यावर बोलणारे माझ्याहून अधिकारी लोक इंदुरात पुष्कळ आहेत. मी पोटावर बोलतो. कारण दिवाळी संपली की आपल्यापैकी कितीतरी घरांत फोन येतो. पुण्याचे मामा असतात, नाशिकची मावसबहीण असते, नागपूरचे व्याही असतात. "देवउठनी एकादशीनंतर परिक्रमा उचलतोय, एक रात्र तुमच्याकडे उतरू." रात्री पानावर बसल्यावर प्रश्न ठरलेले: वाटेत जेवायला मिळतं का? झोपायचं कुठं? सामान किती घ्यायचं? आपण सकाळी त्यांना पोहे-जिलेबी खाऊ घालतो आणि ओंकारेश्वरच्या बसमध्ये बसवून देतो. ऐंशी किलोमीटरवर राहून त्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला देता येत नाहीत, हे काही बरं नाही. म्हणून आज हा विषय.

मैयाची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर अडीच हजारांच्या वर. ओंकारेश्वरहून उचलली तर दक्षिण तटानं पश्चिमेकडे चालायचं, नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. हा न ओलांडण्याचा नियम आपण धार्मिक म्हणून ऐकतो, पण त्याचा परिणाम थेट पोटावर होतो. नावडातोडीच्या काठावर तुम्ही उभे राहिलात की समोर महेश्वर. अहिल्याबाईंचा घाट, किल्ला, संध्याकाळचे दिवे, तिथला बाजार, औषधाची दुकानं, सगळं डोळ्यांसमोर. मधे फक्त पाणी. आणि जाता येत नाही! महेश्वर, मंडलेश्वर, बडवाह ही सगळी गावं उत्तर तटाची. समुद्रापर्यंत जाऊन, होडीनं पलीकडे उतरून, परत पूर्वेला चालत येईपर्यंत ती तुमची नाहीत. म्हणून वाटेतल्या गावांची यादी करताना पहिला प्रश्न 'किती मोठं गाव' हा नसतो, 'कुठल्या तटावर' हा असतो.

आता जेवण. परिक्रमेची स्वतःची भाषा आहे, ती आधी शिकून घ्या. मुक्काम करणं म्हणजे 'आसन लावणं'. सकाळचा चहा-नाश्ता 'बालभोग'. शिजवलेलं अन्न मिळालं तर 'भोजन प्रसादी', आणि पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा मिळाला तर 'सदावर्त'. ते तुम्ही स्वतः शिजवायचं. आश्रमाच्या दारात विचारतात, "कितनी मूर्ति हैं?" माणसं मोजताना मूर्ती म्हणतात. पहिल्या दिवशी आपले लोक गोंधळून झोळीतला देवाचा फोटो दाखवतात. तेव्हा 'तीन मूर्ती' म्हणजे तुम्ही तिघं, एवढं लक्षात असू द्या.

ओंकारेश्वरात सोय भरपूर आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे, इतर आश्रम आणि धर्मशाळा आहेत. ओळखपत्राची प्रत आणि फोटो देऊन परिक्रमावासी असल्याचा कागद तिथंच करून घ्यावा, पुढं आसन मागताना तो दाखवावा लागतो. खरेदी मात्र तिथं करू नका, तीर्थाचा बाजार आहे. जे घ्यायचं ते इंदुरातून.

तिथून मोरटक्का, मग काठाकाठानं पश्चिमेला. हा निमाडचा पट्टा. इथं उपाशी राहायचं म्हटलं तरी कोणी राहू देत नाही. वाटेत रावेरखेडी लागतं. २८ एप्रिल १७४० ला थोरल्या बाजीरावांनी देह ठेवला ते ठिकाण. मराठी माणूस तिथं थांबतोच, तेव्हा दुपारची विश्रांती तिथंच धरावी. पुढं बकावां, तिथं नर्मदेच्या दगडाची शिवलिंगं घडवतात. मग भट्ट्याण. सियाराम बाबांच्या चहासाठी हे गाव परिक्रमावाशांत प्रसिद्ध होतं. मोठी रक्कम पुढं केली तरी बाबा दहा रुपये ठेवून बाकीचे परत करत. ११ डिसेंबर २०२४ ला, मोक्षदा एकादशीच्या दिवशी, ते गेले. निमाडात पानावर ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, कधी अंबाडीची भाजी येते. आपल्याच घरचं वाटतं. नावडातोडीच्या टेकाडावर सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गहू आणि डाळींचे दाणे सापडले होते. या काठाला पंगती वाढायची सवय जुनी आहे, असं मी गमतीनं म्हणतो.

ओंकारेश्वर ते बडवानी आठ-दहा दिवस धरा. या दिवसांत माणसाची अशी समजूत होते की सगळी परिक्रमा अशीच जाणार. तसं नाही. बडवानीनंतर शूलपाणीची झाडी सुरू होते आणि सगळं बदलतं. म्हणून बडवानीत एक दिवस थांबा. जिल्ह्याचं गाव आहे. औषधं, टॉर्चचे सेल, साबण, चपलेची दुरुस्ती, सगळं तिथं उरका. रोख पैसे सुट्ट्या नोटांत काढून ठेवा. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी निदान तीन आठवड्यांच्या गोळ्या पिशवीत असल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नये. चहा गोड असतो आणि प्रेमानं दिलेला असतो, हेही त्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जुन्या पुस्तकांतले मुक्काम इथं शोधत बसू नका. सरदार सरोवराचं पाणी २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं. राजघाटचा जुना घाट, काठची देवळं, काठची गावं पाण्यात गेली. ज्या ओट्यावर आपल्या वडिलांच्या पिढीनं आसन लावलं तो ओटाच आता नाही. वाट नदी सोडून वर डोंगरात गेली आहे, आणि डोंगरात जमिनीचे तुकडे, विहिरी, घरं सगळंच विरळ. या झाडीत पूर्वी परिक्रमावाशांना लुटत, अंगावरच्या लंगोटीपुरतं ठेवत, हे आपण ऐकलेलं असतं. ज्यांना आपण लुटणारे म्हणून ओळखतो, त्याच भिल्ल पाड्यांवर आज तुम्हाला मक्याचा रोटला आणि डाळ मिळते. धरणाच्या पाण्यानं ज्यांच्या भाऊबंदांची शेती गेली, ती माणसं शहरातल्या पेन्शनरांना जेवू घालतात. मी हे टीका म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो.

हिशेब असा. दिवसभर डोंगर चढलेला माणूस एका वेळी पाव किलो पिठाच्या भाकरी सहज खातो. पंधरा मूर्ती एका पाड्यावर उतरल्या तर पावणेचार किलो पीठ एका रात्रीत संपलं. डाळ वेगळी, सरपण वेगळं. पाणी खालच्या झऱ्यावरून हंड्यानं येतं आणि ते बायका आणतात. दुसऱ्या दिवशी आणखी पंधरा. पूर्वी चालणारे थोडे होते, तेव्हा हे पेलत होतं. आता मोसमात रांग लागते. त्यात बसनं आणि गाडीनं परिक्रमा करणारेही त्याच पंगतीला बसतात. माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं शिधा आणि गॅस गाडीत ठेवावा आणि आश्रमात फक्त जागा मागावी. एका ठिकाणी मी पाहिलं, शहरातून आलेल्या जथ्यानं मक्याचा रोटला बाजूला सारून "चपाती नहीं है क्या?" असं विचारलं. वाढणारी बाई आत गेली आणि शेजारच्या घरून गव्हाचं पीठ उसनं घेऊन आली. ते उसनं नंतर कोणी फेडलं असेल, याचा विचार त्या पंगतीत कोणी केलेला मला दिसला नाही.

म्हणून झाडीत काही पथ्यं. गट तीन-चार जणांचाच ठेवा. दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचा, म्हणजे घरच्या बाईला पुन्हा चूल पेटवावी लागत नाही. सदावर्त मिळत असेल तर शिजवलेलं मागू नका. टिक्कड करायला शिका. जाड भाकरीच ती, निखाऱ्यावर भाजायची, पोळपाट-लाटणं लागत नाही. पीठ साठवून पुढं न्यायचं नाही, परिक्रमेत संग्रह वर्ज्य आहे. शेंगदाणे आणि गूळ मात्र एका वेळेपुरते जवळ असू द्या, ते संग्रहात धरू नये असं माझं मत. निघताना मीठ, हळद, तेल, चहापत्ती यांची एखादी पुडी घरात ठेवून यावी. डोंगरात पैशापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, कारण दुकान लांब असतं. बायकांनी देवळाच्या ओसरीपेक्षा एखाद्या कुटुंबाच्या घरी आसन मागावं. सहसा नकार मिळत नाही, आणि पहाटेच्या अडचणी सुटतात.

मध्येच धडगाव येतं. महाराष्ट्रातलं, नंदुरबार जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मराठी पाट्या दिसल्या की आपल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, मग ते हॉटेलात शिरून मिसळ मागतात. जरूर खा, आणि पैसे देऊन खा. बाजाराच्या गावात विकत घेऊन जेवणं यात काही कमीपणा नाही. धडगावात एक जेवण विकत घेतलंत, तर पुढच्या पाड्यावरचं एक जेवण वाचलं. बँक, औषधं, मोबाइल चार्ज करणं, सगळं तिथं होतं. त्यानंतर मोठी खरेदी थेट गुजरातेत राजपिपळ्याला.

गुजरातेविषयी फार सांगत नाही, तिथं जेवणाची ददात नाही. उत्तर तटावर गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आणि दत्तमंदिर आहे, तिथं आपली माणसं भेटतात. फक्त समुद्राजवळचा टप्पा सांभाळा. विमलेश्वरच्या बाजूनं पलीकडे मिठी तलाईकडे होडी जाते, ती भरतीच्या वेळेवर सुटते, मध्यरात्रीसुद्धा. गर्दी असली तर दिवस-दिवस वाट पाहावी लागते. तिथलं पाणी खारं. पिण्याचं पाणी आणि एक वेळचा कोरडा फराळ आधीच जवळ हवा.

पिशवीचं वजन सहा-सात किलोच्या वर नको. अंगावरचे धरून दोन जोड, हलकं पांघरूण, खाली घालायला प्लास्टिक, एक पातेली, ताट, टॉर्च, काठी आणि मैयाच्या जलाची बाटली. डिसेंबर-जानेवारीत काठावर पहाटे कडाक्याची थंडी पडते, म्हणून पांघरुणात कंजुषी नको. तंबूचं विचारतात. मी म्हणतो, नको. दोन किलो ओझं वाढतं आणि रात्री उघडाच राहतो.

आता आपल्या मंडळाविषयी. आपण दरवर्षी ओंकारेश्वरला भंडाऱ्याची वर्गणी देतो. तिथं देणारे पुष्कळ आहेत. या वर्षी ती रक्कम पीठ, डाळ, मीठ आणि तेलाच्या रूपानं बडवानीच्या पुढं पोचवावी, आणि दिवाळीच्या आधी पोचवावी, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. एक टेंपो लागेल. डोंगरात टेंपो चढत नाही तिथं जीप करावी लागेल, ते भाडं धरून अंदाज काढला आहे. बरोबर यायला चार जण हवेत, गोण्या उचलता येतील असे. नावं आज चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत.