पातेऱ्याचा धूर आणि शेजारधर्म



थंडी ओसरू लागली की पेडणे व डिचोली तालुक्यांतील भाटांतून पातेऱ्याचे ढीग दिसू लागतात. काजूची बी वेचणे सोयीचे व्हावे म्हणून झाडांखालची जमीन झाडून ठेवण्याची आपली रीत जुनी आहे आणि योग्यही आहे. प्रश्न आहे तो त्या ढिगांना सायंकाळी लावल्या जाणाऱ्या आगीचा.

सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. मग धूर वर न जाता घराघरांत शिरतो. दवाने ओलावलेला पातेरा तर पेटतच नाही, रात्रभर धुमसतो. अशा धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड व फुप्फुसांच्या तळाशी पोहोचणारे सूक्ष्म कण अधिक निघतात. शेजारची दमेकरी आजी ती रात्र बसून काढते. त्याच ढिगात प्लास्टिकच्या पिशव्या टाकणाऱ्यांविषयी तर काय बोलावे!

ठिणगीचे भय वेगळेच. मार्च २०२३ मध्ये सत्तरीतील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी हेलिकॉप्टरने पाणी आणावे लागले होते.

कायदाही या बाबतीत मुका नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी देऊ शकतात. तथापि, कुंपणापलीकडे जाऊन दोन शब्द बोलावेत, हाच पहिला मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. त्याने भागले नाही, तर दिवस, वेळ व जागा नमूद करून पंचायतीकडे लेखी तक्रार द्यावी.

"राख खतच आहे ना?" असा प्रश्न बागायतदार विचारतात. राखेत पालाश उरते हे खरे. परंतु नत्र धुराबरोबर निघून जाते आणि मातीला हवा असलेला सेंद्रिय अंशही जळतो. तोच पातेरा माडाच्या आळ्यात पसरला तर उन्हाळ्यात ओल टिकते. उरलेल्यासाठी सावलीत खड्डा खणावा, पातेऱ्याच्या थरावर शेणकाला शिंपडावा, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि ओल राखावी. काजूचे पान चिवट असते, त्यास वेळ अधिक लागतो. म्हणून ते चुरडून टाकावे आणि खड्डा अधूनमधून वरखाली करावा.