गटाचं नाव एक, हिशेब दोघींचा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेलं बोलणं)



मागच्या सभेत आपण एका गटाचा कर्जाचा अर्ज मागे ठेवला, आठवतंय ना? माझ्या अहवालात त्यांची परतफेड थकीत दिसत होती म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्या गटाच्या अध्यक्षा आणि सचिव पासबुक घेऊन माझ्यापुढे उभ्या. "एक हप्ता चुकला नाही आमचा. तुमच्या कागदावर थकबाकी आली कुठून?" पेरणी तोंडावर आलेली, बियाण्याला पैसे हवे होते. आणि त्यांचंच खरं होतं. चूक माझ्या शीटमध्ये होती.

झालं असं की, त्याच नावाचा दुसरा गट शेजारच्या गावात आहे. जिजाऊ, सावित्री, रमाई ही नावं आपल्याकडे किती गावांत आहेत, तुम्हीच मोजा. मी फिल्टरमध्ये गटाचं नाव निवडलं आणि दोन्ही गटांची बेरीज एकत्र आली. एकीची थकबाकी दुसरीच्या माथी.

मग आधी ग्रामसंघ का नाही निवडला? कारण ग्रामसंघाचं नाव मी फक्त वरच्या ओळीत लिहून खालचे रकाने त्यालाच जोडून टाकले होते. दिसायला छान दिसतं. पण असं केलं की ग्रामसंघ निवडल्यावर पहिलाच गट दिसतो, बाकीचे गायब. शिवाय महिने आडवे. एप्रिलचा एक रकाना, मेचा दुसरा, असे वाढतच गेलेले. "फक्त जून दाखव" म्हणायला महिन्याचा असा एक रकानाच नव्हता.

आता तुमची रोखवही डोळ्यापुढे आणा. तारीख, नाव, रक्कम. एक व्यवहार, एक ओळ. नवा महिना आला म्हणून तुम्ही वहीला उजवीकडे कागद चिकटवत नाही, खाली लिहीत जाता. मी शीट तशीच करून घेतली. प्रत्येक ओळीत ग्रामसंघ, गाव, गट, गटाचा कोड, महिना आणि परतफेड. ग्रामसंघाचं नाव दर ओळीत पुन्हा, कंटाळा न करता. 12 गटांच्या 6 महिन्यांच्या पूर्वी 12 ओळी होत्या, आता 72 झाल्या. हाताने लिहाव्या लागत नाहीत. एक्सेलच्या पॉवर क्वेरीमध्ये नावांचे रकाने निवडून 'अनपिव्हट अदर कॉलम्स' म्हटलं की आडवे महिने उभे होतात. त्यावर पिव्हट टेबल केलं की चाळणीखाली चाळणी लावता येते: आधी ग्रामसंघ, मग गाव, मग गट, मग महिना. आज भिंतीवर दाखवते, तुम्ही स्वतः दाबून बघा. माऊसला घाबरू नका, तो चावत नाही.

एका ठिकाणी मात्र मी पुन्हा फसले असते. महिने उभे करताना पॉवर क्वेरी कोरा रकाना सोडून देते. म्हणजे ज्या महिन्यात हप्ता आला नाही, तो महिनाच यादीतून नाहीसा! थकबाकी शोधायला बसलो आणि नेमकी तीच हरवली. म्हणून मासिक अहवालात हप्ता आला नसेल तर रकाना कोरा ठेवू नका, 0 लिहा. त्या महिन्यात हप्ता देणंच नसेल तर शेऱ्यात तसं लिहा. 0 लिहायची लाज वाटते हे मला माहीत आहे. सचिव ताई म्हणतात, "बघितल्यावर काय म्हणतील?" पण कोरं ठेवलं तर कोणी बघणारच नाही.

तसंच झालंय. त्या दुसऱ्या गटाचे 3 महिने हप्ते आलेले नाहीत. पहिलीचे हप्ते त्यांच्यात मिसळले, त्यामुळे थकबाकी थोडीच वाटली आणि त्यांच्याकडे जाऊन कोणी विचारलंच नाही. मीही नाही. गुरुवारी सीआरपी ताईंबरोबर मी त्यांच्या बैठकीला जाणार आहे, वसुलीला नाही, अडचण काय आहे ते ऐकायला.

पुढच्या अहवालावर गटाच्या नावाशेजारी कोड लिहा. ऑनलाइन नोंदणीत मिळालेला, प्रत्येक गटाचा वेगळा असतो तो. नाव कधी 'सावित्री' कधी 'सावित्रीबाई' लिहिलं तर शीटला ते दोन गट वाटतात, कोडाचं तसं होत नाही. कोड माहीत नसेल तर सभा संपल्यावर माझ्याकडून घ्या.

आणि तो मागे ठेवलेला अर्ज आज विषयपत्रिकेत पहिला आहे. पासबुक मी पाहिलंय. दोघी ताई समोरच बसल्या आहेत, त्यांची माफी मागून त्यांच्यापासूनच सुरुवात करूया.