बिनतारी ठोका



कवितेच्या माणसाने यंत्रावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. ओळीत एक मात्रा चुकली तरी आपल्याला कळतं, असा माझा समज होता. पण थोरल्या बहिणीच्या काळजाचे ठोके चुकत होते, तेव्हा मला काहीच कळलं नाही.

आपा पनवेलला आमच्याच मोहल्ल्यात राहते. वय अडुसष्ट. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गेल्या पावसाळ्यात वजू करताना ती दोनदा चक्कर येऊन पडली. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. डॉक्टरांनी नाडी पाहिली, तर मिनिटाला अडतीस ठोके!

पेसमेकर लागणार, हे ठरलं. पण कुठला? नेहमीच्या पेसमेकरची डबी गळपट्टीच्या हाडाखाली कातडीआड बसवतात आणि तिची तार शिरेतून हृदयात सोडतात. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सन पुढे एकामागून एक पेसमेकर बदलत २००१पर्यंत जगले. आजही बहुतेक रुग्णांना तारेचाच पेसमेकर बसवतात आणि तो उत्तम काम देतो.

आपाची अडचण त्या तारेचीच होती. डायलिसिससाठी हाताच्या शिरा जपायच्या असतात. तारेमुळे छातीतली मोठी शीर अरुंद होऊ शकते. शिवाय रक्तात जंतू शिरले, तर ते तारेवर ठाण मांडतात. आपाला असा संसर्ग एकदा होऊन गेला होता.

तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला, बिनतारेच्या पेसमेकरचा. मोठ्या कॅप्सूलएवढा, वजन जेमतेम दोन ग्रॅम. मांडीच्या शिरेतून नळीने वर नेऊन हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात बसवायचा. छातीवर चीर नाही, डबी नाही, तार नाही. अमेरिकेत अशा पेसमेकरला २०१६ साली पहिल्यांदा मान्यता मिळाली. एकच कप्पा सांभाळणारा पेसमेकर सगळ्यांना चालत नाही. आपाच्या वरच्या कप्प्यांची लय कायमची बिघडलेली असल्याने तिला तो पुरेसा होता. ज्यांचे दोन्ही कप्पे जुळवून चालवायचे असतात, त्यांच्यासाठी आता बिनतारेची जोडीही निघाली आहे. तिला अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळाली. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. दोघे शरीरातूनच एकमेकांना सूक्ष्म संकेत देतात. शेराच्या दोन मिसऱ्यांसारखे!

धोके डॉक्टरांनी लपवले नाहीत. क्वचित हृदयाच्या भिंतीला इजा होते, मांडीतून रक्तस्राव होतो. बॅटरी साधारण दहा-बारा वर्षं चालते. पुढे बहुधा जुना पेसमेकर तिथेच ठेवून शेजारी नवा बसवतात. आणि किंमत तारेच्या पेसमेकरच्या कितीतरी पट.

घरात सगळे गप्प झाले. भाच्याने दुकान वाढवण्यासाठी पैसे साठवले होते, ते तो काढायला निघाला. आपा म्हणाली, “माझ्या म्हाताऱ्या काळजापायी पोराचं दुकान बुडवू नका. तारेचा बसवा.” मग डॉक्टरांना विचारलं, “तकबीरला हात कानापर्यंत नेता येतील ना?” डॉक्टर म्हणाले, तारेच्या पेसमेकरनंतर काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, याला तशी अट नाही. “पण मी हा सुचवतोय तो तुमच्या शिरांसाठी. ही सोय वरकड.”

भाचा म्हणाला, “अम्मी, दुकान पुढच्या वर्षीही होईल.”

तासाभरात काम झालं. काही तास पाय न हलवता पडून राहायचं होतं, तेवढाच आपाला कंटाळा. आता नाडी साठाच्या खाली जात नाही. डायलिसिस मात्र सुटलेलं नाही. पेसमेकर ठोका सांभाळतो, मूत्रपिंडं नाही. दुकानाच्या जुन्या फळ्या अजून तशाच आहेत.

मंडळी, नवं आणि महाग म्हणजे आपल्यासाठी चांगलंच, असं नसतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: आमच्या माणसाला हाच का? आणि घरातलं वडीलधारं माणूस चक्कर येऊन पडलं, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. आधी नाडी बघा.

परवा आपाकडे गेलो, तेव्हा ती खुर्चीवर बसून नमाज पढत होती. दोन्ही हात कानापर्यंत गेले. मी दारातच थांबलो.