दाखल्यावरची सही



पशुवैद्यकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात. अध्यक्षाने व्यवसायाच्या सर्व प्रश्नांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. रिक्त पदे, लसीकरण, लम्पीनंतरची गोठ्यांची स्थिती हे प्रश्न मोठे आहेत आणि पुढच्या सत्रांत त्यांवर जाणकार बोलणार आहेत. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. धार्मिक उत्सवांत मिरवणाऱ्या हत्तींविषयी, आणि त्या हत्तींना मिरवणुकीस योग्य ठरवणाऱ्या दाखल्यावरील आपल्या सहीविषयी. अधिवेशन कोल्हापुरात भरले असताना हा विषय टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

याच जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातील हत्तीण महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी, हिचे प्रकरण आपणा सर्वांना माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि हत्तीण गेली. त्यानंतर या जिल्ह्यात जे दुःख उसळले ते खरे होते. हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली, लाखो लोकांनी निवेदनांवर सह्या केल्या, आणि शेवटी वनताराला माफी मागून नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी दाखवावी लागली. त्या आठवड्यांत कायद्याचे बोलणारे पुष्कळ होते, श्रद्धेचे बोलणारे पुष्कळ होते, वनतारा चालवणाऱ्या उद्योगपतींच्या हेतूंविषयी बोलणारे तर घरोघरी होते. हत्तिणीच्या तळव्यांविषयी आणि नखांविषयी बोलणारे मात्र थोडे होते. ते काम आपले होते. मठाने तिला उपाशी ठेवले की लाडाने वाढवले, या वादात मी शिरणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. उत्सवाच्या हत्तीला जे आजार जडतात, ते बहुतेक मालकाच्या दुष्टपणामुळे किंवा आळसामुळे जडत नाहीत. त्याला जे जगणे दिले जाते, त्या जगण्यातूनच ते येतात. म्हणून ते नियमांनी आणि औषधांनी कमी होतात, पण संपत नाहीत.

पायापासून सुरुवात करू, कारण बंदिवासातला हत्ती बहुधा पायाने जातो. हत्तीचा तळवा आणि नखे आयुष्यभर वाढत राहतात आणि चालण्याने झिजतात. रानातला हत्ती दिवसभर माती, गवत, चिखल, दगड असा बदलता पृष्ठभाग तुडवत मैलोन्‌मैल हिंडतो, त्यामुळे वाढ आणि झीज यांचा मेळ बसतो. साखळदंडाने बांधून, मूत्राने ओल्या राहिलेल्या सिमेंटच्या फरशीवर तासन्‌तास उभ्या केलेल्या हत्तीत हा मेळ मोडतो. नखे वाढून दुमडतात, त्यांच्या कडेला भेगा पडतात, तळव्यात जीवाणू शिरतात, गळू होते. चार-पाच टनांचे वजन त्याच पायावर असल्यामुळे जखमेला विश्रांती मिळत नाही आणि संसर्ग हळूहळू हाडापर्यंत जातो. बसताना-उठताना सांधे दुखू लागले की हत्ती आडवे होणे टाळतो, आणि आडवा झालाच तर कठीण जमिनीवर दाबामुळे व्रण पडतात. नखे कापता येतात, पाय औषधी पाण्यात बुडवून ठेवता येतो, जमिनीवर वाळू अंथरता येते. हे सगळे करावेच. परंतु हिंडणे हा औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देण्याचा घटक नाही, आणि देवळाच्या किंवा मठाच्या आवारात कितीही प्रेम असले तरी हिंडायला रान नसते.

पोटाचेही तसेच. हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरतो, दीडशे किलोंच्या आसपास चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून कमीच पचवू शकतो. त्याची पचनसंस्था सतत चालणे, सतत थोडे थोडे खाणे आणि भरपूर पाणी यांवर बेतलेली आहे. केरळात उत्सवांच्या हत्तींमध्ये आतड्यात चारा अडकून होणारा अवरोध हे मृत्यूचे एक ठळक कारण आहे. तिथले माहूत त्याला एरंडकेट्टु म्हणतात. एकाच प्रकारचा तंतुमय चारा, ट्रकमधला प्रवास, अपुरे पाणी आणि उभे राहणे, एवढ्याने तो होतो. उन्हाविषयी आपल्याला शिकवलेलेच आहे. हत्तीला नखांलगतचा भाग सोडला तर घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत. तो कानांनी, चिखलाने, सावलीने आणि रात्रीच्या गारव्याने अंगातली उष्णता घालवतो. केरळातल्या उत्सवांचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो. ऐन उन्हाळ्यात पाठीवर झूल, कपाळावर सोनेरी मुलाम्याचा नेट्टिपट्टम, वर छत्र-चामरे धरणारी माणसे आणि पायाखाली तापलेले डांबर, आणि कान हलवायलाही जागा नाही इतकी गर्दी. यात निष्काळजीपणा कोणाचाच नसेल, तरीही शरीर तापणारच.

आवाजाकडे तर आपण फार उशिरा लक्ष दिले. केटी पेन या संशोधिकेने १९८४ मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयातील आशियाई हत्तींजवळ उभे राहून काम सुरू केले आणि पुढे सिद्ध झाले की हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या अतिशय खालच्या पट्टीतील आवाजांत एकमेकांशी बोलतात. ज्या प्राण्याचे कान दूरवरच्या त्या घुमाऱ्यासाठी घडले आहेत, त्याला आपण शंभर चेंडा ढोलांच्या मेळात आणि फटाक्यांच्या आतषबाजीत उभे करतो आणि तो शांत उभा राहिला की त्याला सवय झाली असे समजतो. तो शांत राहतो कारण माणसाच्या आज्ञेबाहेर जाण्याची शिक्षा त्याने लहानपणी भोगलेली असते. ज्या दिवशी ती भीती अपुरी पडते, त्या दिवशी माणसे मरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातील कोयिलांडीजवळच्या मणक्कुळंगर मंदिराच्या उत्सवात दोन हत्ती बिथरले आणि तिघांचा जीव गेला.

आणखी एक गोष्ट मला इथे ठासून सांगायची आहे, कारण ती भाविकांच्या आरोग्याशीही निगडित आहे. बंदिवासातील हत्तींना होणारा क्षयरोग हा बहुतांशी माणसाचाच क्षयरोग असतो. माणसाकडून हत्तीला, आणि हत्तीकडून पुन्हा माणसाला तो जाऊ शकतो. नाणे घेऊन डोक्यावर सोंड ठेवून आशीर्वाद देणारा हत्ती रोज किती लोकांच्या श्वासाजवळ येतो, याचा विचार करा. सोंडेतील स्रावाची तपासणी आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या माहुताची तपासणी, या दोन्ही एकाच वेळी व्हायला हव्यात. हत्तीचा दाखला देताना माहुताच्या छातीची चौकशी न करणे ही आपल्या शास्त्रातलीच उणीव आहे.

आता नियमांकडे येतो. केरळने २००३ मध्ये आणि नंतर २०१२ मध्ये बंदिवान हत्तींसाठी नियम केले. देशात सर्वांत अनुभवी हत्ती-पशुवैद्यक तिथे आहेत आणि त्रिशूर पूरमसारख्या उत्सवाआधी हत्तींची तपासणी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन दोन हत्तींमध्ये किमान तीन मीटर, हत्ती आणि लोक यांच्यात आठ मीटर, आतषबाजीपासून शंभर मीटर असे अंतर ठरवले आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत रस्त्यावरून मिरवणूक नको असे सांगितले. असे अंतर राखले तर पूरम होऊच शकणार नाही, असे देवस्वमांनी, म्हणजे तिथल्या मंदिर व्यवस्थापनांनी, म्हटले आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशांना स्थगिती दिली. कायद्याच्या बाजू काहीही असोत, देवस्वमांचे ते एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. हत्तीला किमान सुरक्षित वाटेल एवढी मोकळी जागा दिली तर सोहळा होत नाही, हे त्यांनीच प्रांजळपणे सांगितले. म्हणजे त्रास हा सोहळ्यातला अपघात नाही, तो त्याच्या रचनेतच आहे. आणि आपण दाखल्यावर लिहितो, ‘मिरवणुकीस योग्य’. आज ताप नाही, लंगडत नाही, मद पाझरत नाही, एवढेच आपण तपासलेले असते. पाच वर्षांनी त्या पायाचे काय होईल, हा प्रश्न त्या कागदावर नसतोच.

परंपरेचा आक्षेप येणार आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. आपल्या परंपरेत हत्तीविषयीचे ज्ञान खोल आहे. कौटिल्याने पिल्लू, गाभण हत्तीण, दूध पाजणारी हत्तीण आणि आजारी हत्ती पकडू नये असे सांगितले आहे आणि हत्तीच्या दिवसाचे स्नान, चारा, व्यायाम, झोप असे वेळापत्रक नेमून दिले आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. पशुवैद्यक म्हणून तो आपला वारसा आहे. त्यातली कथाच अशी आहे की, अंगदेशाच्या राजाने रानातले हत्ती धरून आणले, तेव्हा त्यांच्यात वाढलेला ऋषी त्यांच्या मागोमाग आला आणि त्यांच्या जखमांवर औषध लावू लागला. परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी तिच्यातला हा भागही घ्यावा. शिवाय परंपरा बदलते, याला हे शहरच साक्षी आहे. संस्थानकाळात इथे माजलेल्या हत्तीला डिवचण्याचा साठमारीचा खेळ होत असे. तो बंद झाला, नाव तेवढे राहिले, आणि कोल्हापूरच्या अभिमानात त्यामुळे तसूभरही घट झाली नाही. पंढरीची वारी ही महाराष्ट्राची सर्वांत मोठी यात्रा, तिला हत्ती लागत नाही. तिरुमलैच्या ब्रह्मोत्सवात श्रीनिवास ज्या गजवाहनावर बसतो, ते घडवलेले आहे. त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिल्ली येथील कृष्ण मंदिराने २०२३ मध्ये यांत्रिक हत्ती स्वीकारला. तो कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. देवाची स्वारी मात्र जिवंत हत्तीवाचून अडत नाही, एवढे यावरून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक न्याय्य आहे. मठ-मंदिरांनाच का धरता, पर्यटकांना पाठीवर वाहणारे हत्ती, वन विभागाचे हत्ती, धनवंतांच्या खासगी केंद्रातले हत्ती यांचे काय? माझे उत्तर असे की मोजमाप एकच असले पाहिजे. किती तास साखळी, किती किलोमीटर हिंडणे, कसली जमीन, सोबतीला दुसरे हत्ती आहेत का, लोकांची गर्दी किती, हे प्रश्न मालक पाहून बदलू नयेत. मठाचा हत्ती नेताना जे निकष लावले, ते जिथे नेला तिथेही लावावेत आणि तिथल्या नोंदी स्वतंत्र पशुवैद्यकांना खुल्या असाव्यात. २०१४ मध्ये जोतिबा देवस्थानाचा सुंदर नावाचा हत्ती न्यायालयाच्या आदेशाने बन्नेरघट्ट्याला गेला, तेव्हाही हीच मागणी आपण संघटितपणे करायला हवी होती. आणि सगळे हत्ती राज्याबाहेरच का जावेत? गडचिरोलीतील कमलापूरला वन विभागाचा कॅम्प आहे. तिथले हत्ती जंगलात चरतात आणि माहूत त्यांच्यासोबत असतात. पश्चिम महाराष्ट्रात असे ठिकाण उभे राहिले, तर भाविकांना आपला हत्ती पाहता येईल आणि हत्तीला हिंडता येईल. माहुतांच्या रोजगाराचाही प्रश्न तिथेच सुटतो. हत्तीची खोड, भीती, भूक ज्याला कळते असा माणूस दुसरा नाही. त्याला पगार, विमा आणि मान देऊन हत्तीबरोबरच नेले पाहिजे, हत्तीपासून तोडून नव्हे.

तिसरा आक्षेप प्रेमाचा. लोकांचे प्रेम मी नाकारत नाही. त्याच प्रेमाला माझी विनंती आहे की नवा हत्ती आणू नका. हत्ती हा गाई-म्हशींसारखा माणसाळलेल्या जातीचा प्राणी नाही. उत्सवात उभा असलेला बहुतेक प्रत्येक हत्ती रानातून पकडलेला, किंवा पकडलेल्या आईचा आहे. हत्तीण बावीस महिने गर्भ वाहते आणि बंदिवासात पिल्ले क्वचित होतात. म्हणून मागणी राहिली की पुरवठ्यासाठी ईशान्येकडच्या रानाकडे आणि बनावट कागदांकडे नजर जाते. १९७७ पासून हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २०१० पासून तो राष्ट्रीय वारसा प्राणी आहे. तरीही २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक किंवा अन्य कारणासाठी त्याच्या हस्तांतराची वाट मोकळी ठेवली. ही वाट बंद करावी, अशी मागणी या अधिवेशनाने सरकारकडे केली पाहिजे.

आपल्या हाती मात्र कायद्याहून जवळचे साधन आहे. दाखल्याच्या नमुन्यात प्रत्येक पायाची आणि नखाची छायाचित्रे, क्षयरोगाच्या तपासणीचा निकाल, गेल्या महिन्यातील साखळीचे तास आणि प्रवास, हे रकाने आपण स्वतः घालू शकतो. ते रिकामे असतील तर सही करू नये. स्थानिक पुढाऱ्याचा फोन आला, समितीने आग्रह धरला, गाव दुखावेल असे वाटले, तरी करू नये. एकट्या तालुक्याच्या डॉक्टरला हा दबाव सोसवणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा निर्णय व्यक्तीचा न ठेवता संघटनेचा करावा, तसा ठराव उद्याच्या खुल्या सत्रात मांडला जाणार आहे. तो एकमताने मंजूर करा, अशी मी आपणा सर्वांना विनंती करतो.