भीती त्याची, ऑपरेशन तिचं



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘पुरुष आणि त्याचं शरीर’ असा विषय छापला आहे. तो तासाभरात आवरायचा नाही, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट घेतो. घरात दोन मुलं झाली, आता पुरे असं ठरलं, तर ऑपरेशन कुणी करून घ्यायचं? बहुतेक घरांत हा प्रश्न निघतच नाही. ती करून घेणार हे धरलेलंच असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झाली होती अशा 0.3 टक्के. त्याच सर्वेक्षणात संततिनियमन हे बायकांचंच काम, असं म्हणणारे पुरुष 35 टक्के निघाले. म्हणजे तसं न म्हणणारे पुष्कळ आहेत, पण टेबलावर चढायला तेही तयार नाहीत. गाडी मतापाशी अडत नाही, शरीरापाशी अडते.

“ताकद जाईल, कंबर धरेल, ओझं उचलवणार नाही,” असं पुरुष सांगतात. याला हसू नका. हमालाचं किंवा ऊसतोड कामगाराचं अंग हेच त्याचं भांडवल असतं. पण ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. ओझं तीही उचलते, तरी ताकद फक्त त्याचीच जाईल अशी धास्ती!

आता शरीरात काय घडतं ते पाहू. वृषणांत दोन गोष्टी तयार होतात, शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन. दाढीमिशा, स्नायू, कामेच्छा हे सगळं टेस्टोस्टेरॉनच्या जिवावर चालतं आणि ते थेट रक्तात मिसळतं. शुक्राणू मात्र एका बारीक नळीतून पुढे जातात. नसबंदीत ती नळीच तेवढी बंद करतात. वीर्याचा बहुतेक भाग नळीच्या पुढच्या ग्रंथींतून येतो, म्हणून त्यात डोळ्यांना फरक दिसत नाही. तेवढीच जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं. बिनटाक्याच्या पद्धतीत टाकाही लागत नाही. एक पथ्य महत्त्वाचं. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. शिवाय हा उपाय कायमचा समजूनच निर्णय घ्यायचा. बाईच्या शस्त्रक्रियेत मात्र पोटात शिरावं लागतं, आणि तिथे जोखीम अधिक.

ही माहिती काही कालची नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. 1927 पासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत, ते ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून शरीराविषयी आडपडदा न ठेवता लिहीत राहिले.

आणि पुरुष पूर्वीपासूनच मागे होता असंही नाही. साठच्या दशकात आपल्या देशात नसबंदी म्हटलं की बहुतांशी पुरुषांचीच. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. कित्येकांना धरून नेलं, कित्येकांचा पगार अडवला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा पुरुषाच्या भीतीत अज्ञान आहे तसा अनुभवही आहे, हे मान्य करू या.

पण 1977 ची निवडणूक हरल्यावर राज्यकर्ते शिकले एवढंच की पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. नसबंदीच्या उद्दिष्टांचे आकडे 1996 पर्यंत चालूच राहिले, फक्त ते बायकांच्या माथी बसले. आकडे गेले तरी नसबंदी शिबिरांची घाई गेली नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर 13 जणी दगावल्या. पुरुषांवरच्या सक्तीने सरकार पडलं. बायकांच्या बाबतीत चार दिवस बातम्या आल्या.

मग करायचं काय? सक्ती तर नकोच, कुणावरच नको. दवाखान्यात नवराबायकोला एकत्र बसवून दोन्ही शस्त्रक्रिया समजावून सांगाव्यात. एवढं ऐकून तो नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. पण नकाराचं कारण त्याने तिच्यासमोर सांगावं. “मला भीती वाटते,” एवढं बायकोपुढे कबूल करणं हे पुष्कळांना ऑपरेशनपेक्षा अवघड जाईल. दंड-छाती मिरवायला आपण शिकलो, आपल्या शरीराबद्दल दोन साधी वाक्यं बोलायला शिकलो नाही. आणि त्याने सांगितल्यावर तिलाही विचारावं, तुला भीती वाटते का?

प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवा. नाव घालायची गरज नाही. घरी मात्र हा विषय चिठ्ठीवर भागणार नाही, तिथे तोंडानेच बोलावं लागेल.