गोल फिरणारी गाडी कुठं पोचणार?

आवाज थोडा घुमतोय ना? मी लिंबागणेशला, घराच्या मागच्या खोलीत बसून रेकॉर्ड करतोय. दसऱ्यानंतर हिच्यात कापूस येतो, सध्या मोकळी आहे. आणि भिंतीवर, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, एक फळी आहे. तिच्यावर आपलं रेल्वे मॉडेल. आज त्याच्याबद्दलच बोलू, कारण बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा, बीड जिल्ह्यात बसून तुला हे खूळ लागलं कुठून?

पुण्यातून. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या, बनवलेल्या गाड्या तिथं १९९८ पासून लोकांना बघायला मिळतात. शाळेच्या सहलीला आम्ही गेलो होतो. दिवे मंद झाले, त्या इवल्याशा गावात रात्र झाली, घरांत दिवे लागले आणि अंधारातून गाडी आली. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी तोवर खरी रेल्वेसुद्धा पाहिली नव्हती. जिल्ह्यात रेल्वे होती, पण ती परळीला. बीडला नव्हती.

पुढं नोकरी लागल्यावर जुना सेट घेतला. आठ बाय चार फुटांचा प्लाय आणला, त्याच्यावर रूळ गोल अंथरले. बहुतेक सगळे इथूनच सुरुवात करतात, आणि बहुतेक सगळे इथंच चुकतात. माझ्या तीन चुका सांगतो, पैसे वाचतील तुमचे.

पहिली वळणाची. सगळ्यात प्रचलित माप म्हणजे एचओ, खऱ्याच्या १/८७. आपला आयसीएफ डबा २१ मीटरच्या वर असतो, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. सेटमधल्या वळणाची त्रिज्या मात्र ३६ सेंटिमीटरच्या आसपास. एवढा लांब डबा तेवढ्या वळणावर गेला की मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात. मी वळणाला लागूनच फलाट केला होता. पहिल्याच फेरीत डब्याच्या कोपऱ्यानं फलाट खरवडून काढला! फलाट सरळ पट्ट्यावरच घ्या.

दुसरी चूक विजेची. दोनच वायरी जोडल्या आणि वाटलं, झालं काम. पण रुळांच्या जोडपट्ट्या काही दिवसांनी सैल होतात, काळ्या पडतात, आणि लांबच्या टोकाला गाडी रेंगाळते. मी मोटरला शिव्या देत बसलो, मोटर चांगली होती. आता दर तीन फुटांना खालून वेगळी वायर रुळाला सोल्डर केलीय.

तिसरी चूक खोलीची. प्लाय खोलीतच जोडला होता, चौकटीसकट. कापूस आला तेव्हा तो दारातून बाहेर निघेना. अण्णा म्हणाले, "काप." कापला. त्या दिवशी जेवलो नाही मी, खरं सांगतो.

पण खरा धक्का नानांनी दिला, माझ्या आजोबांनी. त्यांनी बीडच्या रेल्वेसाठीच्या सभा ऐकल्यात, मोर्चात चाललेत. अहमदनगर–बीड–परळी लाइनला मंजुरी मिळाली १९९५ साली. २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली. प्लाय कापायच्या आधीची गोष्ट आहे. नाना खुर्ची घेऊन बसले, दहा मिनिटं गाडी बघितली आणि म्हणाले, "गोल गोल काय फिरवतूस रं? ह्यात बसलेला माणूस पोचणार कुठं?"

मी हसलो तेव्हा. पण ते डोक्यातून जाईना. खरी गाडी एका गावाहून निघते, दुसऱ्या गावाला थांबते, परत येते. प्लाय कापावा लागला तेव्हा ठरवलं, आता गोल नाही. सव्वा फूट रुंदीची फळी, चार-चार फुटांचे तुकडे, नट-बोल्टनं जोडलेले, भिंतीच्या कडेनं. एका टोकाला बीड, दुसऱ्या टोकाला नगर. खाली कापूस, वर रेल्वे. दोन्ही टोकांना इंजिन फिरवायला जागा नव्हती, म्हणून डेमू केली. तिला दोन्हीकडून चालवता येतं. जुन्या इंजिनाची मोटर, वर सनबोर्डची बॉडी.

मापाला प्रामाणिक राहायचं तर अख्ख्या २६१ किलोमीटरच्या लाइनला एचओमध्ये ३ किलोमीटर रूळ लागतील. माझ्याकडे चोवीस फूट आहेत. त्यामुळं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ह्यातच सगळी मजा आहे. आणि एक गंमत, आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटरवर असतात. १/८७ नं ते सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला पाहिजेत. बाजारातले एचओ रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ वरून काढलेत. म्हणजे माझी डेमू जरा पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. नवीन रूळ हातानं बसवणारे लोक आहेत, माझ्यात तेवढा धीर नाही.

कापसाचा एक त्रास अजून आहेच. तंतू उडतात, रुळावर बसतात आणि चाकाच्या दांड्याला गुंडाळून गिअर अडकतो. चिमटा घेऊन काढत बसायचं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पॉलिश पेपर अजिबात नको, ओरखड्यात घाण आणखी साचते.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली गाडी सुटली. नानांना घेऊन गेलो होतो. गर्दीत त्यांना गाडी नीट दिसलीच नाही, नुसता हॉर्न ऐकला. घरी आल्यावर म्हणाले, "तुझी लाव बरं." लावली. बीड ते नगर, आणि परत. मग त्यांनी विचारलं, "ह्यात लिंबागणेश कुठंय?"

आता खरी लाइन आपल्या गावातून जात नाही. मी मॉडेल खऱ्यासारखं करायचं म्हणून हट्टानं बसलेला माणूस. नाना म्हणाले, "भालचंद्राच्या पायाशी एक थांबा टाकला तर तुझं काय जातंय?"

पिवळी पाटी कापून ठेवलीय, काळी अक्षरंही लिहून झालीत. फळीवर कुठं लावायची, ते अजून ठरत नाहीये. नाना रोज विचारतात.